विंडोजच्या जुन्या डिस्क इमेजमध्ये स्टोरेज ड्रायव्हर कसा टाकायचा? निळा स्क्रीन येतोय

धागाकर्ता:
नमस्कार मंडळी. वडिलांच्या दुकानातला बिलिंगचा जुना पीसी (विंडोज १०) मरायच्या आत डिस्क२व्हीएचडीने त्याच्या डिस्कची इमेज (हुबेहूब प्रत) काढली, क्यूईएमयू-आयएमजीने कन्व्हर्ट करून प्रॉक्समॉक्सवर (व्हर्च्युअल मशीन चालवणारं सॉफ्टवेअर) चढवली. साटावर (नेहमीचा डिस्क कंट्रोलर) लावली की चालू होते पण फार हळू चालते, म्हणून डिस्क व्हर्टआयओ स्कझीवर (व्हर्च्युअल मशीनसाठीचा वेगवान कंट्रोलर) टाकली तर थेट निळा स्क्रीन, इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस. नवीन विंडोज टाकणं शक्य नाही, बिलिंगवाल्याचं लायसन्स आणि सगळा हिशोब त्यातच आहे. पीएनपीयुटिलने (विंडोजची ड्रायव्हर टाकायची कमांड) ड्रायव्हर ॲड करून पाहिला, ॲडेड सक्सेसफुली आलं, तरी तेच. कुणी केलंय का हे?

रात्रपाळी:
केलंय, बऱ्याचदा. आधी हे का होतं ते बघा म्हणजे पुढचं सोपं जाईल. सुरुवातीला बूटलोडर डिस्क वाचतो तो फर्मवेअरच्या जोरावर, म्हणून लोगो दिसतो, पण कर्नल एकदा उठला की त्याला त्या कंट्रोलरचा स्वतःचा ड्रायव्हर लागतो आणि तो रजिस्ट्रीत बूट-स्टार्ट (बूट होतानाच लोड होणारा) म्हणून नोंदलेला नसेल तर त्याला स्वतःचीच सी ड्राइव्ह सापडत नाही, मग ०एक्स७बी, म्हणजे तोच इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइसचा निळा स्क्रीन. पीएनपीयुटिलने ड्रायव्हर नुसता स्टोअरमध्ये जाऊन पडतो, ते हार्डवेअर समोर नसलं की सर्व्हिसची नोंद होत नाही. फक्त सिस फाइल ड्रायव्हर्स फोल्डरमध्ये कॉपी करूनही याच कारणाने काही होत नाही.

सगळ्यात सोपा उपाय: मेन डिस्क साटावरच ठेवा, व्हर्टआयओ स्कझीवर १ जीबीची एक रिकामी डिस्क जोडा, विंडोज चालू करून व्हर्टआयओ-विनच्या (व्हर्टआयओचे विंडोज ड्रायव्हर) आयएसओवरून ड्रायव्हर टाका, डिव्हाइस मॅनेजरमध्ये कंट्रोलर नीट दिसला की पूर्ण शटडाउन करा (फास्ट स्टार्टअप आधी बंद) आणि मग मेन डिस्क हलवा. बूट ऑर्डर परत लावायला विसरू नका, डिस्क हलवली की तिथला टिक जातो.

जुना_खोका:
वरचं बरोबर आहे, पण इमेज साटावरही उठत नसेल तर बाहेरूनच टाकावा लागतो, तेही लिहून ठेवतो. विंडोजच्या आयएसओवरून बूट करा, शिफ्ट एफ१० दाबून कमांड प्रॉम्प्ट. डिस्क दिसत नसेल तर ड्रव्हलोड कमांडला व्हीआयओस्कझी ड्रायव्हरची आयएनएफ फाइल द्या. इथेच बरेच जण फसतात, ड्रव्हलोड फक्त त्या चालू सेटअपपुरतं असतं, तुमच्या विंडोजमध्ये त्याने काहीही जात नाही. खरं काम पुढचं:

डिस्म /इमेज:डी:\ /ॲड-ड्रायव्हर /ड्रायव्हर:ई:\व्हीआयओस्कझी\डब्ल्यू१०\एएमडी६४

डिस्म (विंडोजची इमेज बाहेरून बदलायची कमांड) हा त्या बंद विंडोजची रजिस्ट्री उघडून सगळ्या नोंदी करतो. नंतर /गेट-ड्रायव्हर्स देऊन यादीत आलाय का बघा. आणि कृपया आधी डिस्कची कॉपी किंवा स्नॅपशॉट घ्या, हिशोबाचा डेटा आहे.

धागाकर्ता:
रिकाम्या डिस्कचं उद्या करतो, मशीन दुकानात लागतंय. रात्री कॉपीवर डिस्म करून पाहिलं, सी:\ दिलं तर एरर येते.

जुना_खोका:
सेटअपमध्ये अक्षरं बदलतात हो. तिथली सी बहुतेक सिस्टम रिझर्व्ह्ड असणार. डिस्कपार्टमध्ये लिस्ट व्हॉल्यूम करा आणि ज्याच्यात विंडोज फोल्डर आहे ते अक्षर द्या. बिटलॉकर (विंडोजचं डिस्क एन्क्रिप्शन) असेल तर आधी अनलॉक.

धागाकर्ता:
डी होती! डिस्म झालं, पण बूटला परत तोच निळा स्क्रीन 😞

रात्रपाळी:
फोल्डर कुठला दिलात? व्हीआयओस्टोर हा व्हर्टआयओ ब्लॉकसाठी आणि व्हीआयओस्कझी हा व्हर्टआयओ स्कझीसाठी, नावं सारखी वाटतात पण एकाचं दुसऱ्याला चालत नाही. डिस्क कुठल्या बसवर आहे तेही बघा.

धागाकर्ता:
व्हीआयओस्टोर दिला होता. आता दुसरा टाकला आणि उठलं हो, लॉगिन आलं, बिलिंग उघडलं, मागच्या महिन्याची बिलं दिसतायत. दोघांचे मनापासून आभार, वडिलांना आत्ताच फोन करतो.