क्लबहाऊसचा काढा (सर्व विंग्ज)

सी-३०४ मेघना: नमस्कार. रविवारचा काढा रोजचा कधी झाला? आबा महिनाभर सकाळी दोन-दोन कप रिचवून येतायत. बीपी एरवी १३०-१४०, काल १७०. पोटॅशियमही कमी आलंय. डॉक्टरांनी पहिलंच विचारलं, ज्येष्ठमध घेता का?

ए-१०१ जोशीकाकू: अगं मेघना, सुंठ, मिरी, तुळस, हळद न् ज्येष्ठमध, एवढंच तर असतं. आपल्या आज्या हेच प्यायच्या. आणि मी कोणाला ओतत नाही हं, आबा स्वतः भांडं घेऊन येतात. गोड लागतो म्हणतात.

बी-२०२ नेनेकाका: क्लबहाऊसचा सिलिंडर कोणाच्या पैशाने? एजीएमपासून विचारतोय.

ए-४०१ संतोष: काढ्यानं काय होतंय वहिनी, पाणीच ते. एका बाजूने जातं, दुसऱ्या बाजूने येतं 😀

बी-५०३ प्राची: संतोषदादा, फार्माकॉलॉजी शिकवते म्हणून तोंड घालते. तुमचं हळदीला लागू पडतं. ती पाण्यात विरघळत नाही, पातेल्याच्या तळाशी पिवळा गाळ राहतो ना काकू, तीच. पोटात गेलेलं हळदीतलं कर्क्युमिनही आतड्यातून जेमतेम शोषलं जातं, आणि जे जातं त्याचा यकृत लगेच निकाल लावतं. मिरीतलं पायपरिन यकृताचं ते काम मंदावतं. १९९८ मध्ये बंगळुरूच्या संशोधकांनी २ ग्रॅम कर्क्युमिनसोबत २० मिलिग्रॅम पायपरिन दिलं, तर माणसांत शोषण वीसेक पट वाढलं.

ए-४०१ संतोष: काकू, मिरी वाढवा!

बी-५०३ प्राची: मिरी फक्त हळदीवरच मेहरबान होत नाही हो. फिट्सवरच्या फेनिटॉइन या औषधाचं रक्तातलं प्रमाणही तिच्यामुळे वाढतं.

ए-१०१ जोशीकाकू: बरं. उद्यापासून पोंगलातली मिरीपण वेचून काढते 🙏

बी-२०२ नेनेकाका: सिलिंडरचं उत्तर मिळालेलं नाही.

सी-३०४ मेघना: प्राची, ज्येष्ठमधाचं सांग ना.

बी-५०३ प्राची: त्यातलं ग्लिसिरायझिन गरम पाण्यात मस्त उतरतं, गोडी त्याचीच. आतड्यातले जीवाणू त्याचा साखरेचा भाग तोडतात, उरलेलं रक्तात शिरतं. मूत्रपिंडात कॉर्टिसॉल या हार्मोनला आवरणारं एक एन्झाइम असतं, त्यालाच ते अडवतं. मग मोकाट कॉर्टिसॉलमुळे मीठ-पाणी अंगात साठतं, बीपी चढतं, पोटॅशियम लघवीतून जातं. एखाद्या कपाने नाही होत, रोजच्याने होतं. बंद केल्यावरही परिणाम ओसरायला कधी कधी आठवडे लागतात. रंग दिसतो ती हळद तळाशी, आणि दिसत नाही तो ज्येष्ठमध आबांच्या अंगात.

ए-१०१ जोशीकाकू: एवढं होतं तर आधी सांगायचं. पहाटे पाचला उठून मी करते, फुकट. ज्येष्ठमध बंद. पण गोड कशाने करू?

ए-४०१ संतोष: गूळ.

सी-३०४ मेघना: आबांना शुगरपण आहे.

बी-२०२ नेनेकाका: आणि गूळ कोणाच्या पैशाने?