मदत हवी आहे: मुठेच्या पाण्यातले ईएसबीएल ई. कोलाय मोजताना सगळी प्लेट भरून जाते

नदीकाठ
नमस्कार. एमएस्सीच्या प्रकल्पासाठी पुण्याच्या मुठा नदीतले ईएसबीएल ई. कोलाय (सेफोटॅक्सिमसारखी प्रतिजैविकं तोडणारं एन्झाइम बनवणारे आतड्यातले जंतू) मोजायचे आहेत. नमुने खडकवासल्याच्या खाली, म्हात्रे पूल, संगम पूल आणि एका मैलापाणी शुद्धीकरण केंद्राच्या बाहेर पडणाऱ्या पाण्याचे. १० मिली नमुना ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळला, फिल्टर मॅककॉन्की अगरवर (ई. कोलाय गुलाबी दिसतात ते माध्यम) ठेवला. एक प्लेट साधी, दुसरीत लिटरमागे ४ मिग्रॅ सेफोटॅक्सिम. ३७ अंश, २४ तास.

म्हात्रे पुलाच्या दोन्ही प्लेटवर गुलाबी थर, फरक काहीच दिसत नाही. उचललेल्या कॉलनी इंडोल (ई. कोलाय ओळखायची एक चाचणी) पॉझिटिव्ह. म्हणजे सगळेच ईएसबीएल धरायचे का? की औषधच निकामी झालंय? केंद्राच्या पाण्यात उलट शून्य आलंय.

झोनमापी
त्या प्लेटवरून काहीही लिहू नका. गर्दीची प्लेट फसवते. ईएसबीएल जंतूंनी सोडलेलं एन्झाइम आजूबाजूचं सेफोटॅक्सिम तोडतं आणि त्या आडोशाला औषधाला बळी पडणारे जंतूही वाढतात. म्हणून दोन्ही प्लेट सारख्या दिसल्या. आधी डायल्युशन करा, म्हणजे नमुना पातळ करा.

कच्च्या मैलापाण्यात १०० मिलीला १० लाख ते १ कोटी ई. कोलाय असतात, नदीत त्याहून कमी, पण नाला मिळतो तिथे फारसे कमी नाहीत. ०.८५ टक्के निर्जंतुक सलाइनमध्ये दहापट, शंभरपट, हजारपट डायल्युशन करून प्रत्येकाचा १ मिली गाळा. फनेलमध्ये आधी २० मिली सलाइन घाला, नाहीतर १ मिली पाणी फिल्टरच्या एकाच कोपऱ्यात उतरतं आणि कॉलनी तिथेच चिकटून येतात. फिल्टरवर २० ते ८० कॉलनी असतील तीच प्लेट मोजायची. खडकवासल्याच्या खाली मात्र १०० मिली गाळावं लागेल.

बाटली गाळण्याआधी जोरात २५ वेळा हलवा. गाळ बसू देऊन वरचं पाणी घेऊ नका, जंतू गाळाला चिकटून तळाशी जातात.

ओढ्याकाठचा
इंडोलवर विसंबू नका. नदीच्या पाण्यात एरोमोनास हा दुसरा जंतू भरपूर असतो. त्याच्या काही जाती मॅककॉन्कीवर गुलाबी येतात, इंडोलही पॉझिटिव्ह देतात आणि सेफोटॅक्सिम सोसतात. ऑक्सिडेज चाचणी (अभिकर्मकावर कॉलनी घासली की जांभळा रंग येतो का ते पाहणं) करा: ई. कोलाय निगेटिव्ह, एरोमोनास पॉझिटिव्ह. पण ऑक्सिडेज मॅककॉन्कीवरच्या कॉलनीवर करू नका, तिथल्या आम्लामुळे निकाल बिघडतो. न्यूट्रिएंट अगरवर एक रात्र वाढवा, मग लाकडी काडीने उचला. निक्रोम लूपने खोटा जांभळा रंग येतो. रंग १० सेकंदांत पाहायचा, नंतर आलेला धरायचा नाही.

जमलं तर मॅककॉन्की सोडून टीबीएक्स अगर वापरा, ४४ अंशांना. ई. कोलाय निळे-हिरवे दिसतात आणि पाण्यातले बरेच इतर जंतू त्या तापमानाला वाढतच नाहीत.

नदीकाठ
टीबीएक्स मिळेल. औषध निकामी आहे का, हे कसं तपासू? आणि शून्याचं काय?

झोनमापी
औषध: ४ मिग्रॅ प्रति मिली स्टॉक पाण्यात करा, ०.२२ मायक्रॉनमधून गाळा, लिटर अगरमध्ये १ मिली. अगर ४५ ते ५० अंशांवर आल्यावरच घाला. हाताला सोसवेल इतकी बाटली निवू द्या. त्याआधी घातलं तर औषध मोडतं. प्रत्येक बॅचच्या एका प्लेटवर एटीसीसी २५९२२ (औषधाला बळी पडणारा प्रमाणित ई. कोलाय) ओढा: काही उगवता कामा नये. दुसऱ्या प्लेटवर सीटीएक्स-एम-१५ हे ईएसबीएल एन्झाइम असलेला प्रमाणित ई. कोलाय एनसीटीसी १३३५३: तो वाढलाच पाहिजे. या दोन्ही तपासण्या केल्या नाहीत तर तुमच्या आकड्यांना आधार नाही.

शून्य: पाण्यात क्लोरीन उरलेलं असतं आणि प्रयोगशाळेपर्यंत ते बाटलीतही मारत राहतं. १२० मिलीच्या बाटलीत १० टक्के सोडियम थायोसल्फेटचे ०.१ मिली घालून मग ऑटोक्लेव्ह करा. नमुना बर्फात ठेवा, ६ तासांत गाळा. तरीही शून्य आलं तर नुसतं शून्य लिहू नका, 'गाळलेल्या इतक्या मिलीत १ पेक्षा कमी' असं नोंदवा.

ओढ्याकाठचा
प्रमाण काढताना दोन्ही प्लेटचं डायल्युशन वेगळं असणार, हे विसरू नका. समजा साध्या प्लेटवर हजारपट डायल्युशनच्या १ मिलीत ४२ कॉलनी, म्हणजे १०० मिलीला ४२ लाख. सेफोटॅक्सिमवर शंभरपटच्या १ मिलीत ३८, म्हणजे ३ लाख ८० हजार. सेफोटॅक्सिमवरच्या १० कॉलनी उचलून डिस्क (औषध लावलेल्या कागदी चकत्या) लावल्या आणि ८ पक्क्या ठरल्या, तर ३ लाख ४ हजार. प्रमाण सुमारे ७.२ टक्के. ही पडताळणी न करता ९ टक्के लिहिणं चूक.

डिस्कसाठी म्युलर-हिंटन अगर ४ मिमी जाड ओता, पातळ झाला तर झोन (डिस्कभोवती जंतू न वाढलेलं वर्तुळ) फुगतात. सेफोटॅक्सिम ३० मायक्रोग्रॅम आणि तेच, ईएसबीएल एन्झाइम रोखणाऱ्या क्लॅव्ह्युलॅनिक आम्लासह (३०/१०), तशीच सेफ्टाझिडिमची जोडी. कोणत्याही एका जोडीत क्लॅव्ह्युलॅनिकसह झोन ५ मिमी किंवा जास्त वाढला तर ईएसबीएल. सोबत एटीसीसी ७००६०३ (ईएसबीएल असलेला प्रमाणित जंतू) आणि २५९२२ लावा.

ज्या कॉलनी सेफोटॅक्सिमवर वाढतात पण डिस्कला ईएसबीएल ठरत नाहीत, त्या फेकू नका. त्यांच्यावर मेरोपेनेम या अधिक ताकदीच्या प्रतिजैविकाची डिस्क लावून बघा. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिल्लीत रस्त्यांवर साचलेल्या, वाहत्या पाण्याच्या १७१ पैकी ५१ आणि नळाच्या ५० पैकी २ नमुन्यांत एनडीएम-१ (मेरोपेनेमही तोडणाऱ्या एन्झाइमचा) जनुक सापडला होता. असे जंतू या चाचणीत ईएसबीएल निगेटिव्ह दिसू शकतात.

झोनमापी
आणि मोजून झालेल्या प्लेट थेट कचऱ्यात किंवा बेसिनमध्ये नकोत. १२१ अंश, १५ पौंड दाब, ३० मिनिटं, मगच बाहेर. नाहीतर नदीतून वेचून वाढवलेले जंतू आपणच पुन्हा नाल्यात सोडू.