पाणी ९७ अंशांवरच उकळतं, डांबरगोळीच्या आलेखात ८० ला सपाट भाग येत नाही

खानापूर_विज्ञान
नववीला अवस्थांतर (घन, द्रव, वायू यांतला बदल) दाखवायचं आहे. पाणी खळखळून उकळतं तरी तापमापी ९७-९८ च्या पुढं सरकत नाही. डांबरगोळ्या वितळवून थंड करताना रेषा ८० ला थांबत नाही, ५३ च्या आसपास रेंगाळते. चुकतंय कुठं?

बेळगाव_रसायन
सर, पाण्याचं काहीच चुकलेलं नाही. आपला भाग समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटर उंच, हवेचा दाब कमी, म्हणून उत्कलनांक ९७.५ च्या आसपास. कारवारला १०० च्या जवळ येईल. तापमापीची खात्री हवी तर वितळत्या बर्फाच्या चुऱ्यात ० दाखवते का बघा.

दाबाचा परिणाम वर्गातच दाखवता येतो. ५० मिलीच्या सिरिंजमध्ये (सुई नको) ७० अंशांचं १० मिली पाणी घ्या, हवेचा बुडबुडा पूर्ण काढा, तोंड बोटानं घट्ट दाबून दट्ट्या ओढा. पाणी उकळतं. ते आधी उकळून घेतलेलंच हवं, नाहीतर विरघळलेली हवा बाहेर पडते आणि मुलं तिलाच वाफ समजतात.

निपाणी_प्रयोगशाळा
५३ म्हणजे तुमच्या गोळ्या ८० ला वितळणाऱ्या नॅफ्थॅलीनच्या नाहीत, ५३ ला वितळणाऱ्या पॅराडायक्लोरोबेंझीनच्या आहेत. दुकानात दोन्ही डांबरगोळी म्हणूनच मिळतात. १०० मिली पाण्यात ३६ ग्रॅम मीठ विरघळवून गोळी टाका: नॅफ्थॅलीन तरंगतं, दुसरी बुडते. गोळीला चिकटलेले बुडबुडे आधी झटका.

खरं नॅफ्थॅलीन १० ग्रॅम परीक्षानळीत घ्या, ९० अंशांच्या पाण्यात वितळवा, थेट ज्योतीवर कधीच नाही. मग नळी बाहेरून पुसून रिकाम्या शंकूपात्रात उभी करा, म्हणजे भोवती हवेचा थर राहतो. उघड्यावर धरली तर ती इतक्या झपाट्यानं निवते की सपाट भाग उरतच नाही. तारेनं ढवळत दर ३० सेकंदांनी नोंद घ्या. तापमान ८० च्या खाली जाऊन पुन्हा वर आलं तर ते अतिशीतन (गोठणबिंदूच्या खाली जाऊनही द्रवच राहणं), ती नोंद खोडू नका. गोठताना अप्रकट उष्मा (अवस्था बदलताना लागणारी किंवा सुटणारी उष्णता) बाहेर पडतो, तो इथं डोळ्यांना दिसतो. तापमापी घट्ट बसली तर ओढू नका, पुन्हा वितळवूनच काढा. खिडक्या उघड्या हव्यात.

खानापूर_विज्ञान
मेण किंवा कापूर चालेल का?

निपाणी_प्रयोगशाळा
मेणबत्तीचं मेण हे मिश्रण, त्याची रेषा तिरकीच उतरते. शुद्ध पदार्थाशी तुलना करायला मात्र उत्तम. कापूर १७५ च्या वर वितळतो, उकळत्या पाण्यात जमणार नाही. तो संप्लवनासाठी (घनाची थेट वाफ होणं दाखवायला) ठेवा, तेही गरम पाण्यावर. पेट घ्यायला त्याला वेळ लागत नाही.