कळसूबाई आणि रतनगड एकाच शनिवार-रविवारात: सॅक, मुक्काम आणि धबधब्यांबद्दल माहिती हवी

प्रश्न: पाऊलखूण

सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात मी आणि एक मित्र, दोघेच जाणार आहोत. शनिवारी पहाटे ठाण्याहून कसारा लोकल, रविवारी रात्रीपर्यंत परत. गाडी नाही. डोक्यात असं आहे की शनिवारी पायथ्याच्या बारी गावातून कळसूबाई, मग रतनगडाच्या पायथ्याची रतनवाडी, रविवारी रतनगड. वाटेत रंधा आणि रतनवाडीकडचे धबधबे. प्रत्येकी ५० लिटरची सॅक आणि दोघांत मिळून एक तंबू. दोघांनी राजमाची आणि लोहगड केलेत, शिड्यांचा अनुभव नाही.

१) हे दोन दिवसांत बसतं का?
२) मुक्काम रतनगडाच्या गुहेत करावा की खाली?
३) त्या सुमारास ओढे कितपत त्रास देतात?

उत्तर: कातळवाट

बसतं, पण सॅक घेऊन दोन्ही शिखरं चढायची नाहीत ही अट. तुमचं सगळं गणित याच एका गोष्टीवर आहे.

कळसूबाई १६४६ मीटर, बारीतून चढ आठशे मीटरच्या आसपास. रिकाम्या पाठीने तीन ते साडेतीन तास. १२ किलोची सॅक असेल तर सहज तासभर जास्त, आणि उतरताना गुडघे बोलायला लागतात. बारीत ज्यांच्याकडे चहा-नाश्ता घ्याल त्यांनाच विचारून सॅक ठेवा, थोडे पैसे द्या. वर न्यायची ती छोटी पिशवी: माणशी दोन लिटर पाणी, रेनकोट, गूळ-शेंगदाणे, टॉर्च, बँडेज. बस्स.

चढायला सकाळी आठच्या पुढे जाऊ नका. हा परतीच्या पावसाचा काळ. सकाळ लख्ख असते, दुपारी दोननंतर ढग चढतात आणि विजा होतात. कळसूबाईवर शिड्या लोखंडी, रेलिंग लोखंडी आणि माथा आजूबाजूच्या सगळ्यांपेक्षा उंच. गडगडाट ऐकू आला की माथा अर्ध्या तासावर असला तरी मागे फिरा. मंदिराच्या आडोशाला थांबणं हा उपाय नाही.

तारखा नवरात्रात येत असतील तर वर देवीची यात्रा असते. शिड्यांवर रांग लागते, वेळेत दोन तास धरून ठेवा.

मुक्काम रतनवाडीतच करा. गावात घरगुती जेवण आणि झोपायची सोय होते. आधी फोन करून पोहोचायची वेळ सांगा, आयत्या वेळी रात्री नऊला भाकरी-पिठलं मागणं बरं नाही. मग तंबू घरीच ठेवता येतो, अडीच किलो तिथेच वाचले. हा सगळा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. गडावर राहायचंच असेल तर वनखात्याची परवानगी आधी घ्या आणि चूल पेटवायचा विचार सोडा.

उत्तर: रानवारा

वरच्याशी सहमत. ओढ्यांबद्दल सविस्तर लिहितो, कारण रतनगडावर गडबड शिडीवर कमी आणि खाली जास्त होते.

रतनवाडीतल्या अमृतेश्वराच्या मंदिरापासून निघालं की वाट प्रवरेच्या पात्राच्या कडेने जाते आणि पाणी एकापेक्षा जास्त वेळा ओलांडावं लागतं. प्रवरा इथेच उगम पावते, म्हणजे पाणलोट अगदी छोटा. त्यामुळे वर जोराचा पाऊस झाला की ओढा तासाभरात फुगतो, आणि पाऊस थांबला की काही तासांत उतरतोही. तुम्ही उभे आहात तिथे ऊन असलं तरी फसू नका. स्वच्छ पाणी अचानक चहासारखं झालं, त्यात पालापाचोळा आणि काटक्या यायला लागल्या, की वरून लोंढा निघालाय असं समजा आणि काठापासून वर सरका.

गुडघ्याच्या खाली आणि तळ दिसतोय, तर ओलांडा. गुडघ्याच्या वर आणि ओढ असेल तर नाही. ओलांडताना सॅकचा कमरेचा आणि छातीचा पट्टा दोन्ही सोडा. पडलात तर सॅक टाकून देता आली पाहिजे, नाहीतर तीच तुम्हाला पालथं पाडून पाण्याखाली धरते. बूट काढू नका. काठी वरच्या अंगाला टेका आणि एक पाय पक्का बसल्याशिवाय दुसरा उचलू नका. दोघे असाल तर एकमेकांचे खांदे धरून जा, दणकट माणूस प्रवाह येतो त्या बाजूला. आणि दोरी कमरेला बांधून पाण्यात कधीच उतरायचं नाही.

पुढे जंगलात फाटा लागतो. डावीकडची वाट कात्राबाईच्या खिंडीतून हरिश्चंद्रगडाकडे जाते, रतनगडाची उजवीकडे. सप्टेंबरात गवत उंच असतं आणि धुक्यात हा फाटा चुकतो. रेंजचा भरवसा नाही, नकाशा घरूनच उतरवून घ्या. शिड्या चढून गणेश दरवाजातून वर आलात की उजवीकडे गुहा, डावीकडे हनुमान दरवाजा आणि पुढे माथा. नेढ्यात, म्हणजे माथ्यावरच्या कातळातल्या आरपार भोकात, वारा इतका असतो की सैल टोपी, पाण्याची रिकामी बाटली, काही हातात राहत नाही. त्र्यंबक दरवाजाने साम्रद गावाकडे उतरायचा मोह होईल. त्या कातळातल्या पायऱ्यांवर या दिवसांत शेवाळ असतं, तुम्ही नका जाऊ.

सोनकी मात्र याच दिवसांत. माथा पिवळाधमक असतो. वाट सोडून फुलांत बसू नका, तुडवलेली सोनकी पुन्हा उभी राहत नाही.

उत्तर: घाटपायी

धबधब्यांबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून. रंधा भंडारदरा धरणाच्या खाली प्रवरेवर आहे, आणि प्रवरेचं बरंचसं पाणी वीजनिर्मितीकडे वळवलं जातं. त्यामुळे धरणातून किती पाणी सोडलंय त्यावर तो दिसतो. पाऊस पडतोय म्हणजे रंधा भरलेला असेलच असं नाही. धरणाच्या पायथ्याचा अंब्रेला फॉलही तसाच, मोरी उघडली असेल तरच. धरणाजवळच्या शेंडी गावात उतरल्यावर चौकशी करा आणि मग जीप वळवा. त्याउलट न्हाणी आणि रतनवाडीजवळचा नेकलेस फॉल डोंगरातल्या पाण्यावर चालतात, ते सप्टेंबरअखेर मिळतील, थोडे बारीक झालेले असतील इतकंच. रंध्याला कठड्याच्या आत राहा, खालच्या डोहात कोणीही उतरू नये.

रतनवाडीची होडी पावसाळ्यात गृहीत धरू नका. शेंडीहून जलाशयाला वळसा घालत रस्त्यानेच जायचं, म्हणून बारीतून दुपारी दोनपर्यंत निघालं पाहिजे. परतीला संध्याकाळी शेअर जीप कमी होतात. सर्वांत सोपं म्हणजे शनिवारच्याच जीपवाल्याशी रविवारी दुपारी दोनला रतनवाडीतून उचलायचं ठरवून टाका. त्यासाठी सकाळी सहाला गड चढायला लागा.

पाऊलखूण

खूप आभार. तंबू रद्द, जीप आधीच ठरवतो. सॅक आतून कोरडी राहावी म्हणून रेनकव्हर पुरेसं आहे का? आणि शिडीवर नेमकी काय काळजी घ्यायची?

उत्तर: कातळवाट

कव्हर पुरत नाही. पाणी मानेवरून पाठ आणि सॅकच्या मधून उतरतं, तिथे कव्हर नसतंच. सॅकमध्ये आधी जाड प्लास्टिकची मोठी पिशवी घाला, सामान त्यात, तोंड पिळून दुमडून खाली खोचा. झोपायचे कपडे आणि मोजे त्यातही वेगळ्या पिशवीत.

शिडीला तोंड करूनच चढा आणि उतराही तसंच. तीन अवयव कायम टेकलेले, एका शिडीवर एका वेळी एकच जण. मॅट, मग, काठी बाहेर लटकवू नका, दांडीत अडकून मागे खेचतात. चिखलाचे बूट शिडीआधी दगडावर घासून घ्या.

बूट दोन-चार वर्षं कपाटात पडून असतील तर आत्ताच तळ वाकवून बघा. न वापरताही आतला फोम भुसभुशीत होतो आणि पहिल्याच पावसात सोल पूर्ण सुटतो. चार केबल टाय सोबत ठेवा. सोल सुटला तर बुटाभोवती आवळून गावापर्यंत येता येतं.