घरी फ्लाय रॉड बांधताना: स्पाइन, गाइडची अंतरे आणि इपॉक्सी यांविषयी मार्गदर्शन हवे आहे

प्रश्न – संथ_प्रवाह

नमस्कार. तयार विकत घेतलेल्या रॉडने मी बरेच दिवस फ्लाय फिशिंग (कृत्रिम माशी लावून केलेली मासेमारी) करतो आहे आणि आता एक रॉड स्वतः बांधावा असे मनाने घेतले आहे. बांबूच्या सहा पट्ट्या त्रिकोणी तासून एकत्र चिकटवण्याचे कसब माझ्याकडे नाही, त्यामुळे कार्बन फायबरचा तयार ब्लँक (रॉडची नुसती निमुळती नळी) घेऊन त्यावर मूठ, रील सीट (रील बसवायची जागा) आणि गाइड (लाइन ज्यांतून जाते त्या कड्या) चढवण्यापुरतेच काम करणार आहे. ब्लँक 9 फुटी, चार तुकड्यांचा आणि 5 नंबरच्या लाइनसाठी आहे.

वाचन पुष्कळ केले, पण त्याने गोंधळच वाढला. काहींच्या मते प्रत्येक तुकड्याची स्पाइन, म्हणजे त्याची ताठ बाजू, शोधून गाइड त्याच रेषेत बसवले नाहीत तर रॉड फुकट गेला. काही जण तिच्याकडे पूर्ण दुर्लक्ष करायला सांगतात. गाइडच्या अंतरांचे जे तक्ते सापडले, त्यांतले दोन तक्ते एकमेकांशी जुळत नाहीत. शिवाय माझ्याकडे लेथ नाही. कॉर्कची मूठ लेथशिवाय नीट करता येते का, हेही कृपया सांगावे.

प्रतिसाद – वेढ्यावर_वेढा

आधी स्पाइनबद्दल लिहितो. ब्लँक बनवताना कापड साच्यावर गुंडाळले जाते आणि त्यामुळे नळीची एक बाजू किंचित ताठ राहते. तुकडा टेबलावर उभा टेकवून वरचे टोक तळहाताखाली दाबले आणि मधून वाकवले की तो आपोआप फिरून एका ठरावीक स्थितीत स्थिरावतो, तीच ही स्पाइन. हे सगळे खरे असले तरी आजच्या चांगल्या ब्लँकमध्ये हा फरक फार लहान असतो, आणि कास्ट करताना, म्हणजे लाइन फेकताना, आपला हात तरी कुठे दर वेळी एकाच प्रतलात चालतो? त्यापेक्षा एक डोळा मिटून तुकडा बंदुकीच्या नळीसारखा न्याहाळावा. बहुतेक तुकड्यांना थोडासा बाक असतोच. तो बाक वरच्या दिशेला ठेवून गाइड खालच्या बाजूला बांधले, तर गाइडच्या वजनाने रॉड सरळ दिसतो. मी तरी सरळपणालाच अग्रक्रम देतो.

तक्ते जुळत नाहीत याचे कारण असे की प्रत्येक तक्ता एका विशिष्ट ब्लँकच्या वाकण्यावर बेतलेला असतो. टोकाकडे ब्लँक जास्त वाकतो म्हणून तेथे गाइड जवळजवळ, साधारण 4 ते 5 इंचांवर, लागतात आणि मुठीकडे येताना अंतर वाढत जाते. रॉडची लांबी जितके फूट, निदान तितके गाइड आणि त्याशिवाय टिपटॉप (रॉडच्या अगदी टोकावरची कडी), हा अंदाज सुरुवातीला पुरतो. पण अंतिम निर्णय तक्त्याने घेऊ नये. सगळे गाइड बारीक चिकटपट्टीने तात्पुरते बसवा, मूठ आडवी पक्की धरा, लाइन सगळ्या गाइडमधून ओवून टोकाला वजन बांधा आणि बाजूने पाहा. दोन गाइडच्या मध्ये लाइन सरळ जाते आणि ब्लँक मात्र वाकलेला असतो. जिथे या दोघांतील फट इतरांपेक्षा डोळ्यांत भरण्याइतकी मोठी दिसते, तिथे गाइड सरकवायचा किंवा एक वाढवायचा. वजन कमी-जास्त करून हे दोन-तीनदा केले की अंतरे आपोआप ठरतात. कोणताही गाइड फेरूलच्या (दोन तुकडे एकमेकांत बसतात त्या सांध्याच्या) अगदी काठावर येणार नाही, एवढे मात्र पाहावे.

प्रतिसाद – कॉर्कप्रेमी

वरील प्रतिसादाशी बहुतांशी सहमत आहे, फक्त स्पाइन इतकी झटकून टाकू नये असे माझे मत आहे. ब्लँक जुना किंवा फायबरग्लासचा असेल तर ती हाताला स्पष्ट जाणवते आणि तेव्हा तिच्या कलाने जाणेच बरे. प्रश्नकर्त्याच्या ब्लँकबाबत मात्र मीसुद्धा बाकच पाहीन.

लेथ नसेल तरी काही अडत नाही. तयार आकाराची मूठ मिळते, आणि स्वतःच घडवायची हौस असेल तर अर्धा इंच जाडीच्या कॉर्कच्या चकत्या घ्याव्यात. साडेसहा इंची मुठीला तेरा चकत्या लागतात. त्या मेण चोळलेल्या दांड्यावर ओवून, एकमेकींना चिकटवून, दाबात वाळवाव्यात आणि मग दांडा ड्रिलमध्ये अडकवून सावकाश फिरवत पॉलिश पेपरने आकार द्यावा. जाड कागदाने सुरुवात करून शेवट 400 नंबरवर केला तर कॉर्क मखमली लागतो. खरी कसोटी आतल्या छिद्राची असते. ब्लँक निमुळता असल्यामुळे छिद्रही निमुळतेच हवे, म्हणून गोल कानशीने थोडे घासायचे, मूठ ब्लँकच्या बारीक टोकाकडून सरकवून पाहायची, पुन्हा घासायचे. शेवटच्या बोटभर अंतरात हलका जोर लागला पाहिजे. गदागदा हलणारी मूठ इपॉक्सी भरून घट्ट करता येते, पण ती कधी ना कधी करकरायला लागते.

रील सीटच्या आतील पोकळी ब्लँकपेक्षा मोठी असते. ती भरायला मास्किंग टेपची वळी गुंडाळतात, मात्र सलग नव्हे. दोन वळ्यांमध्ये जागा सोडली तरच इपॉक्सी ब्लँकपासून सीटपर्यंत पोहोचतो, आणि जोड खरा त्यानेच धरतो. येथे पाच मिनिटांत घट्ट होणारा इपॉक्सी वापरू नये. सावकाश वाळणारा घेतला तर सीट आणि गाइड एका रेषेत आणायला उसंत मिळते.

प्रश्नकर्ता – संथ_प्रवाह

आपणा दोघांचे मनःपूर्वक आभार. लाइन ओवून पाहण्याची पद्धत इतकी उघड असूनही कोणत्याच तक्त्याखाली लिहिलेली दिसली नाही. एका जुन्या तुकड्यावर दोरा गुंडाळून गाइड बांधण्याचा सराव केला, तेव्हा गाइडच्या पायावर चढताना दोऱ्यात फट पडते, आणि वर इपॉक्सी लावल्यावर फिकट हिरवा दोरा जवळजवळ काळा दिसू लागला. इपॉक्सीही तिसऱ्या दिवशी बोटाला चिकटत होता. यावर काही उपाय आहे का?

प्रतिसाद – वेढ्यावर_वेढा

फट पडते ती गाइडच्या पायाचे टोक जाड असल्यामुळे. ते टोक कानशीने वरच्या बाजूने इतके पातळ करावे की ब्लँकवरून पायावर चढताना नखाला पायरी जाणवू नये; पायाच्या खालच्या बाजूला राहिलेली बारीक कूस मात्र आवर्जून काढावी, कारण ती कार्बनमध्ये रुतली तर रॉड पुढे नेमका तिथेच मोडतो. गुंडाळायला सुरुवात ब्लँकवर, पायापासून चार-पाच मिलिमीटर अलीकडे करावी आणि वेढे पायाकडे चढवत न्यावेत. शेवटचे सहा-सात वेढे राहिले की दुमडलेल्या दोऱ्याचा फासा मध्ये ठेवून त्यावरून वेढे घ्यावेत, दोरा कापून त्याचे टोक फाशात ओवावे आणि फासा ओढून ते टोक वेढ्यांखाली न्यावे. ताण इतकाच ठेवावा की बांधलेला गाइड अंगठ्याने किंचित सरकवता येईल. रॉड पूर्ण जोडून, टिपटॉपमधून मुठीकडे नजर टाकून, सगळे गाइड त्याच वेळी रेषेत आणायचे असतात. वेढ्यांमधील बारीक फटी पेनच्या गुळगुळीत टोपणाने चोळल्या की मिटतात.

साधा नायलॉनचा दोरा इपॉक्सी शोषून पारदर्शक होतो आणि खालच्या ब्लँकचा काळा रंग वर दिसतो. रंग जसाच्या तसा हवा असेल तर कलर प्रिझर्व्हर आधी लावून तो पूर्ण वाळू द्यावा, किंवा त्याची गरज नसलेला, आधीच प्रक्रिया केलेला दोरा घ्यावा. मला स्वतःला गडद झालेला दोरा अधिक आवडतो, पण ही ज्याच्या त्याच्या आवडीची बाब आहे.

प्रतिसाद – चमकदार_थर

चिकटपणाबद्दल लिहितो. इपॉक्सीच्या रेझिन आणि हार्डनर या दोन भागांचे प्रमाण चुकले किंवा मिश्रण पुरते ढवळले गेले नाही, याखेरीज त्याचे कारण क्वचितच दुसरे असते. रॉडसाठीचे बहुतेक इपॉक्सी आकारमानाने समसमान मिसळायचे असतात आणि एवढ्या थोड्या प्रमाणात डोळ्यांच्या अंदाजावर विसंबून चालत नाही. दोन सिरिंज वापराव्यात, त्यांवर खुणा कराव्यात आणि त्यांची अदलाबदल कधीही होऊ देऊ नये. तीन-चार मिनिटे सावकाश ढवळावे, भांड्याच्या कडा आणि तळ खरवडत राहावे. मग मिश्रण अॅल्युमिनियमच्या फॉइलवर पातळ पसरावे, म्हणजे बुडबुडे निघून जातात आणि ते एका जागी गोळा होऊन तापत नसल्यामुळे काम करायला अवधीही जास्त मिळतो. सरावाच्या तुकड्यावरील चिकट थर खरवडू नका. त्यावर नीट मिसळलेला दुसरा थर द्या, बहुधा तेवढ्यानेच काम भागते.

लावल्यानंतर रॉड सतत फिरता राहिला पाहिजे, नाही तर इपॉक्सी खाली ओघळून थेंब धरतो. मिनिटाला दहा-पंधरा फेरे घेणारी लहान मोटर पुरेशी असते. ती नसेल तर सुरुवातीला दर दोन-तीन मिनिटांनी, पुढे दर दहा मिनिटांनी रॉड हाताने अर्धा फेरा वळवत बसावे लागते, आणि हे काही तास चालते. उरलेले बुडबुडे स्पिरिटच्या दिव्याची ज्योत खालून क्षणभर नेली की फुटतात. ज्योत एका जागी थांबवायची नाही, कार्बनमधील रेझिन उष्णतेने खराब होते. आणि थर पातळच ठेवा! दोन पातळ थर एका जाड थरापेक्षा चांगले दिसतात, शिवाय टोकाकडच्या तुकड्यावर साचलेले वजन रॉडला मंद करते.

प्रतिसाद – कॉर्कप्रेमी

दोन गोष्टी राहून गेल्या. फेरूलच्या बाहेरच्या नळीच्या तोंडाशी दीड-दोन सेंटिमीटर दोऱ्याची गुंडाळी हवीच, कारण रॉड वाकला की ती नळी तिथेच उभी चिरते. तेथे इपॉक्सी लावताना एक थेंबही आत उतरू देऊ नये. आणि टिपटॉप इपॉक्सीने नव्हे, गरम करून वितळणाऱ्या गोंदकांडीने बसवा. ते पुढेमागे वाकले किंवा झिजले तर थोडी ऊब देऊन काढता येते.