१९६५ पूर्वी कच्छची सीमा कोण राखायचं?

भटका सांगलीकर: पुढच्या महिन्यात कच्छला निघालोय, धोरडोचं पांढरं रण बघायला. बीएसएफ, म्हणजे सीमा सुरक्षा दल, उभी राहिली १ डिसेंबर १९६५ ला. मग फाळणीपासूनची अठरा वर्षं तिथं पहारा कुणाचा होता? सैन्याचा?

माजी सीमा प्रहरी, कराड: सैन्याचा नव्हे, पोलिसांचा. ज्या राज्याची हद्द, त्याचे सशस्त्र पोलीस. राजस्थानात आरएसी, गुजरातेत एसआरपी, जोडीला केंद्राची सीआरपीएफ, म्हणजे केंद्रीय राखीव पोलीस दल. प्रत्येकाचा साहेब वेगळा. ९ एप्रिल १९६५ च्या पहाटे पाकिस्तानी ब्रिगेड कच्छातल्या सरदार पोस्टवर चालून आली, तेव्हा समोर सीआरपीएफच्या दुसऱ्या बटालियनचे जवान होते. त्यांनी तो हल्ला परतवला. सीआरपीएफ अजून तो दिवस शौर्य दिन म्हणून पाळते, आणि पाळायलाच हवा. पण तोफा घेऊन येणाऱ्या फौजेपुढे पोलिसांना उभं करणं बरोबर नव्हतं. म्हणून केंद्राच्या हाताखाली एकच दल काढलं, तीच बीएसएफ.

रचना सरळ आहे: बीओपी म्हणजे सीमाचौकी, वर कंपनी, मग बटालियन, भूजचा सेक्टर, गांधीनगरचं फ्रंटियर. पण रोजचं काम म्हणाल तर खुरा. संध्याकाळी कुंपणालगतची मातीची पट्टी ओढून सपाट करायची, सकाळी तिच्यावर पाऊल उमटलंय का बघायचं. माझ्या पहिल्या खुऱ्याला नाईकसाहेबांनी मला खाली बसवलं. ऊन तिरपं असताना पावलाला सावली पडते, तेवढ्यात बघून घे म्हणाले. ऊन डोक्यावर आलं की काही दिसत नाही. ओझं घेऊन चालणाऱ्याचं पाऊल खोल रुततं, हेही तिथंच कळलं. ही विद्या मूळची तिथल्या पगींची, म्हणजे पावलांवरून माग काढणाऱ्यांची. रणछोड पगींनी १९६५ आणि १९७१ मध्ये अशाच खुणा वाचून सैन्याला वाट दाखवली. त्यांचं नाव आपल्याकडे फारसं कुणाला ठाऊक नाही, याचं वाईट वाटतं.

कामठीकर: एक भर घालतो जी. बीएसएफचे पहिले प्रमुख के. एफ. रुस्तमजी आमच्या कामठीचे! १९१६ चा जन्म. आधी मध्य प्रदेश पोलिसांचे प्रमुख होते, त्याआधी नेहरूंची सुरक्षा त्यांच्याकडे होती.

भटका सांगलीकर: काका, सरदार पोस्टपर्यंत जाता येईल का?

माजी सीमा प्रहरी, कराड: तिकडच्या वाटेवर इंडिया ब्रिज नावाचा पूल आहे, त्याच्या पुढं परवानगी लागते. भूजला पोचल्या पोचल्या आधी तिची चौकशी करा. ओळखपत्र मूळ न्या, झेरॉक्सवर विसंबू नका.