प्रतिसाद: नुसती सुपारी खाल्ली तर काय होतं?

आप्पा, तुम्ही लिहिलंत की तंबाखू सोडून नुसती सुपारी धरली म्हणजे धोका टळला. तिथे मी सहमत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये सुपारीलाच, तंबाखूशिवायही, कर्करोगकारक ठरवलंय. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, पण आपल्या धुळे-जळगावच्या टपऱ्यांवर सुपारीच्या पुड्यांच्या माळा लटकतातच, आणि त्या शाळकरी पोरंही घेतात.

सुपारीने गालाच्या आतलं अस्तर कडक, पांढुरकं होतं. पहिली खूण जेवताना कळते: जन्मभर शेवभाजीचा तर्रीदार रस्सा ओरपणारा माणूस अचानक साध्या वरणालाही ‘झोंबतंय’ म्हणायला लागतो. मग तोंड उघडेनासं होतं. स्वतःची तीन बोटं उभी धरून दातांमध्ये घालून बघा. जात नसतील तर दाताच्या डॉक्टरकडे जा. दोन आठवड्यांत न भरणारा फोड, पांढरा किंवा लाल चट्टा, यालाही तेच. दुखत नाही म्हणून थांबू नका, सुरुवातीला तो बहुधा दुखतच नाही.

आणि ताई, तुम्ही म्हणता तसं ‘तपासायला तुकडा काढला की कॅन्सर पसरतो’ हे गावोगाव ऐकू येतं, पण तोंडातल्या चट्ट्याचा तुकडा तपासल्याने तो पसरत नाही. त्याशिवाय निदान पक्कं होत नाही. लहान गाठ असेल तर बऱ्याचदा एका ऑपरेशनवर भागतं. उशीर झाला की बऱ्याचदा जबड्याचा भाग, मानेच्या गाठीही काढाव्या लागतात, वर किरणांचा शेक (रेडिएशन) आणि केमोची औषधं. तीसच्या पुढच्यांची तोंडाची तपासणी सरकारी दवाखान्यात होते, बायकांची स्तनाची आणि गर्भाशयमुखाचीही.